सांबाराच्या जुडीखालचं पुस्तक

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. गावात वाचनालय नाही, तालुक्याला आहे. मुलगा पहिलीत, मुलगी चार वर्षांची. शनिवारी सकाळची शाळा आणि तालुक्याचा बाजारही शनिवारीच, म्हणून वार आपोआप ठरला. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, मुलाचंही अर्धंच, आणि पोरगी पाचाच्या आतली म्हणून फुकट. तिघं मिळून एका तिकिटात जातो-येतो. हे नसतं तर दर आठवड्याला जाणं झेपलं नसतं, खरं सांगते.

सभासद होणं सोपं होतं. आधारची झेरॉक्स, थोडी अनामत, महिन्याची वर्गणी. बसून पेपर चाळायला तर पैसेही लागत नाहीत. अडचण निराळीच निघाली. लहान मुलांची पुस्तकं लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. ग्रंथपालभाऊ टेबलावरूनच विचारायचे, "कोणतं पाह्यजे?" आता चार वर्षांच्या पोरीनं पुस्तकाचं नाव काय सांगावं? मग भाऊच दोन पुस्तकं काढून द्यायचे. एकदा मुलाच्या वाट्याला जाडजूड चरित्र आलं. "आई, याच्यात चित्रच नाई," म्हणाला. महिनाभर असंच चाललं. लेकरं यायची ती बाजारातल्या भज्यांसाठी, हे मला कळत होतं.

"भाऊ, लेकरांना कपाटापाशी येऊ द्या ना," मी दोनदा म्हटलं. उत्तर ठरलेलं: "पोट्टे फाडतात, ताई. मोजणीत पुस्तक कमी आलं तर जवाब मले द्यावा लागते." त्यांचंही खोटं नव्हतं. वाचनालय शासनाच्या अनुदानावर चालणारं, एकेका पुस्तकाला दाखल क्रमांक, म्हणजे रजिस्टरातला नंबर. पण कुलपातलं पुस्तक फाटत नाही तसं वाचलंही जात नाही, हे त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग पुस्तक खराब केलं ते आम्हीच. बाजाराच्या थैलीत पुस्तकावर सांबाराची ओली जुडी ठेवली गेली. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) घरी येईतो पानं चिकटली होती. मुलानं ओढून सोडवायला पाहिलं, एक पान अर्ध्यातून फाटलं. मी त्याला सेलोटेप लावला आणि पुस्तक गच्चीवर उन्हात टाकलं. ते पापडासारखं वाकडं झालं.

पुढच्या शनिवारी किंमत भरायच्या तयारीनं गेले. भाऊ ओरडले, पण सेलोटेपवरून. "हा पिवळा पडते न् कागद खराब करते." मग खुर्ची ओढून त्यांनी शिकवणीच घेतली. भिजलेलं पुस्तक उन्हात नाही, पंख्याखाली वाळवायचं. पानापानांत कोरडा पेपर घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, वाळत आलं की वर वजन ठेवायचं. फाटलेल्या पानाला मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, पण ते विष, लेकरांच्या हाती द्यायचं नाही. मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"मी करू?" त्यानं विचारलं.

भाऊंनी किल्ली काढली. कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा भपकारा आला. खालच्या खणातली दोन फाटकी पुस्तकं त्यांनी मुलाला दिली, "घेऊन जा, नीट करून आण." तेवढ्यात पोरगी त्यांच्या पायाजवळून आत शिरली आणि खणापुढं मांडी घालून बसली. भाऊंनी तिला उठवलं नाही.

मुलाची पहिली पट्टी तिरकी बसली, खळ जास्त झाली, दोन पानं चिकटली. तरी भाऊंनी पुढच्या शनिवारी आणखी दोन दिली. आता आम्ही आलो की कपाट उघडंच असतं. पुस्तकांची थैली वेगळी, भाजीची वेगळी.

पोरगी मात्र दर वेळी हत्तीचं तेच पुस्तक उचलते. त्याचा दाखल क्रमांक भाऊ आता पुस्तक न उघडताच रजिस्टरात लिहितात.