आमची वाटचाल: चहा सांडलेल्या कीबोर्डचं काम

नाशिकला आमचं दुकान सुरू झालं ते असेम्बल्ड डेस्कटॉप आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांवर. त्या काळी कीबोर्ड ही दुरुस्तीची वस्तूच नव्हती. जांभळ्या पिनेचा पीएस-टू कीबोर्ड अडला की मशीन बंद करून काढायचा, नवा लावायचा, जुना भंगारात. (मशीन बंद करूनच, कारण पीएस-टू चालू मशीनमध्ये काढघाल करण्यासाठी बनलेला नाही, पोर्ट जाऊ शकतो.) साध्या वायरच्या कीबोर्डबद्दल आमचा सल्ला आजही तोच आहे. चार-पाचशे रुपयांत नवा येतो, आणि जुना उघडून, धुऊन, वाळवून द्यायची मजुरी त्याच्या पुढे जाते. घरी स्वतः करायचं असेल तर मात्र जरूर करा, शिकण्यासाठी त्याहून स्वस्त वस्तू नाही.

लॅपटॉप घराघरांत आले तसं गणित फिरलं. कीबोर्ड आता मशीनच्या अंगातच असतो, त्याच्या बरोबर खाली मदरबोर्ड आणि बॅटरी. २०२० मध्ये शाळा आणि ऑफिस दोन्ही जेवणाच्या टेबलावर येऊन बसली, तेव्हा चहा, दूध, वरण, सरबत सगळं लॅपटॉपवर सांडू लागलं. तिथून सांडासांडीचं काम आमच्याकडे वेगळ्या टेबलावर गेलं. त्या टेबलाच्या जॉब कार्डवर चार प्रश्न असतात: काय सांडलं, किती सांडलं, कधी सांडलं, आणि त्यानंतर मशीन चालू करून पाहिलं का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण हळू आवाजात देतात.

काय सांडलं, यावर पुढचं सगळं ठरतं. कीबोर्डवर काहीही सांडलं की आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. साखर आयपीएमध्ये जवळपास विरघळत नाही. चहा सांडलेल्या बटणात आयपीए सोडलं की बटण थोडा वेळ मोकळं वाटतं आणि वाळलं की पुन्हा चिक्कीच्या पाकासारखं धरून बसतं. साखरेला पाणीच लागतं. म्हणून क्रम असा: आधी पाणी, मग आयपीए. पाणी साखर काढतं, आयपीए ते पाणी सोबत घेऊन उडून जातं.

आपल्या चहात दूधही असतं. दुधाची चरबी आणि प्रथिनं नुसत्या पाण्याने निघत नाहीत, मागे राहिली की दोन-चार दिवसांत आंबट वास सुटतो. तिथे कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब घालावे लागतात. कोमटच, कढत नाही. कढत पाण्याने दुधातली प्रथिनं आणखी घट्ट होतात. मिसळीची तर्री सांडली असेल (आणि नाशकात ती सांडतेच) तर साबणाला पर्याय नाही, नुसतं आयपीए तेल इकडून तिकडे पसरवतं. लिंबू सरबत आणि मीठ घातलेलं ताक ही सगळ्यांत वाईट गिऱ्हाइकं. मीठ विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि कीबोर्डच्या आतल्या, वीज नेणाऱ्या चांदीच्या रेघा वेगाने खातं. साधं पाणी सांडलं असेल आणि मशीन लगेच बंद केलं असेल, तर बरेचदा वाळवण्यावरच भागतं.

शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं तेच चालतं. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे क्षार मागे राहतात, आणि ते पुन्हा दमट हवा धरून ठेवतात. आयपीए ९९ टक्क्यांचं घ्यावं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं मुख्यतः पाणीच असतं, त्यामुळे शेवटच्या हाताला ते उपयोगाचं नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही नको. बटणांचं प्लास्टिक विरघळतं, अक्षरं जातात. आयपीए भसकन पेटतं, हेही लक्षात ठेवावं. दुकानात सकाळची उदबत्ती लावलेली असेल तर ती विझेपर्यंत बाटली उघडायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

काम हातात घ्यायच्या आधी एक खात्री करून घेतो. ‘कीबोर्ड स्टिकी झालाय’ म्हणून आलेल्या काही मशीनवर काही सांडलेलंच नसतं. विंडोजमध्ये शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज नावाची सोय चालू करायची का, असं विचारलं जातं, आणि घाईत एंटर दाबला की ती चालू होते. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर फिल्टर कीज. मग बटणं विचित्र वागू लागतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं की काम झालं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. दुसरी परीक्षा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर. तिथेही एखादं बटण आपोआप दाबलं जात असेल तर दोष विंडोजचा नाही, वस्तूचा आहे.

आता मेंब्रेन कीबोर्ड, म्हणजे बटणांखाली रबरी डोम आणि प्लास्टिकचे पापुद्रे असलेला साधा कीबोर्ड. उलटा करून मागचे स्क्रू काढायचे. एखादा लेबलखाली किंवा रबरी पायाखाली लपलेला असतो, तो राहिला आणि जोर लावला की खाचा तुटतात. उघडायच्या आधी बटणांचा फोटो काढून ठेवायचा. कीबोर्ड पालथा ठेवूनच उघडायचा, कारण काही कीबोर्डमध्ये रबरी डोम सुटे असतात आणि सरळ धरला तर शंभरेक डोम टेबलभर पळतात. डोमच्या खाली प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे: वरच्या आणि खालच्यावर चांदीच्या शाईच्या रेघा, मधल्याला बटणाच्या जागी भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते.

सांडलेला चहा या पापुद्र्यांच्या मध्ये ओढला जातो आणि दूरवर पसरतो. म्हणून वरून लखलखीत पुसलेला कीबोर्डही चालत नाही. उजेडासमोर धरला की तपकिरी डाग दिसतो, मधे फिकट आणि कडेला गडद. त्या गडद कडेवरच साखर सगळ्यांत जास्त साठलेली असते, तेव्हा पुसायला सुरुवात तिथून. पापुद्रे कधी नुसते एकावर एक ठेवलेले असतात, तर कधी जागोजागी चिकटवलेले. चिकटवलेले ओरबाडायचे नाहीत, रेघा सोलून निघतात. सुटे असतील तर मऊ कापड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून रेघांच्या दिशेने पुसायचं, मग तसंच आयपीएने. घासायचं नाही. चांदीची शाई पातळ असते, जोर लावला तर कापडावर येते. एका कीबोर्डला अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि पन्नास-साठ मिली आयपीए पुरतं. बटणं आणि रबरी शीट साबणाच्या कोमट पाण्यात वेगळी धुवायची. कंट्रोलरची, म्हणजे कोणतं बटण दाबलं ते मशीनला कळवणाऱ्या सर्किटची, छोटी पट्टी मात्र पाण्यात घालायची नाही, तिच्या काळ्या कार्बनच्या टोकांवरून आयपीएचा बोळा अलगद फिरवायचा.

चिकटणं आणि मरणं हे दोन वेगळे आजार आहेत. दाबलेलं बटण वर येत नाही, तो साखरेचा दोष. धुतलं की जातो. बटण छान खालीवर होतं पण अक्षर उमटत नाही, तिथे रेघ गेलेली असते. कीबोर्डची बटणं आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत जोडलेली असतात. एक रेघ तुटली की तिच्यावरची चार-सहा बटणं एकदम जातात, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या एका ओळीत असतीलच असं नाही. रेघ काळी पडलेली दिसली की समजायचं, पाणी आणि वीज दोन्ही एकाच वेळी तिथे होती. मल्टिमीटरने रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेझिस्टन्स पाहायचा. काहीच दाखवत नसेल तर तुटलेला भाग कंडक्टिव्ह सिल्व्हर पेंटने जोडता येतो. सोल्डर करता येत नाही, खालचं प्लास्टिक वितळतं. हे पेंट महाग आहे आणि साध्या कीबोर्डसाठी आम्ही ते उघडत नाही.

वाळवणं हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत जास्त बिघडवलं जाणारं काम. हेअर ड्रायरने पापुद्रे वाकडे होतात. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलं तरी तेच, वर बटणं पिवळी पडतात ती वेगळी. सावलीत, टेबल फॅनसमोर, पापुद्रे सुटे करून उभे ठेवायचे. उन्हाळ्यात एक दिवस पुरे. आषाढ-श्रावणात दोन दिवसांनीही भरवसा नसतो, तेव्हा आम्ही घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी खेचत नाही, पीठ मात्र आत सोडतो.

लॅपटॉपवर सांडलं तर पहिली पाच मिनिटं तुमच्या हातात असतात, आमच्या नाही. चार्जर काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून मशीन सक्तीने बंद करा, यूएसबीत लावलेलं सगळं काढा. झाकण जेवढं उघडेल तेवढं उघडून मशीन तंबूसारखं पालथं ठेवा, म्हणजे पाणी आलं त्या वाटेनेच बाहेर जाईल. आडवंतिडवं हलवू नका. आणि चालतंय का पाहायला चालू करू नका. आजकालच्या लॅपटॉपची बॅटरी आतच असते, त्यामुळे मशीन बंद असलं तरी बोर्डाच्या काही भागांत वीज खेळत असते आणि गंज चढत राहतो. आमच्याकडे मागचं कव्हर उघडल्यावर पहिला हात बॅटरीच्या कनेक्टरला जातो, तो याच कारणाने. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडण्याआधी विचारून घेतो. नेहमीच्या वॉरंटीत पाणी सांडणं सहसा बसत नाही, पण अपघाताचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर आधी कंपनीकडे जावं.

बोर्डावर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसते ती बहुधा कीबोर्डच्या पट्टीच्या कनेक्टरपाशी. मऊ ब्रशने डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए. कनेक्टरची बारीक पट्टी नखाने वर उचलून मगच केबल सोडवायची. ओढून काढली की कनेक्टर बोर्डावरून उखडतो आणि दोनशेचं काम दोन हजारांवर जातं.

लॅपटॉपचा कीबोर्ड धुऊन वाचवायच्या भानगडीत आम्ही आता सहसा पडत नाही. त्याचे पापुद्रे पत्र्याच्या सांगाड्यात पक्के बसवलेले असतात, पाणी आत गेलं की बाहेर काढता येत नाही. एक-दोन बटणंच चिकटत असतील तर बटणाची वरची टोपी काढून साफ करतो. टोपीखालची कैचीसारखी क्लिप फार नाजूक, तिचे कान मिलिमीटरभराचे. टोपी कोणत्या बाजूने उचलायची हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून आधी कमी वापराच्या बटणावर पाहून घेतो. स्पेस, एंटर आणि शिफ्टच्या खाली तारेचा आधार असतो, ती तार खाचेतून न सोडवता टोपी ओढली की टोपी परत बसत नाही.

आपोआप अक्षरं टाइप होत असतील किंवा बरीच बटणं गेली असतील तर कीबोर्ड बदलायचा. बऱ्याच मॉडेलांत पॉवरचं बटणही कीबोर्डवरच असतं, त्यामुळे ‘लॅपटॉप चालूच होत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेलं मशीन कधी कधी नुसत्या कीबोर्डने जिवंत होतं. नवा पार्ट मागवताना मॉडेलच्या नावावर विसंबत नाही, जुन्याच्या पाठीवरचा पार्ट नंबर पाहतो. एंटरचा आकार, ४ च्या बटणावर ₹ आहे का, खालच्या दिव्यांची वेगळी केबल आहे का, हे तिन्ही जुळायला हवं. पूर्वी चार स्क्रूंत सुटणारा कीबोर्ड आता वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या डझनावारी रिव्हेटांनी वितळवून बसवलेला असतो. त्यांची डोकी ब्लेडने कापायची, नवा बसवायचा आणि कमी तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने पुन्हा डोकी बसवायची. या कामाची मजुरी पार्टच्या किमतीइतकी का, हे गिऱ्हाइकाला उघडून दाखवल्यावरच पटतं. अख्खं वरचं कव्हर मिळत असेल आणि परवडत असेल तर आम्ही तेच सुचवतो.

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, त्या मानाने दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूचा. हॉट-स्वॉप असेल, म्हणजे स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये नुसते खोचलेले असतील, तर चिकट स्विच चिमट्याने सरळ वर काढायचा, नवा लावायचा. लावताना पिन वाकडी झाली तर खालचं सॉकेट उखडतं, तेवढं जपायचं. सोल्डर केलेल्यात आधी स्विचच्या मानेत डिस्टिल्ड वॉटरचे थेंब, तीस-चाळीस वेळा दाबणं, बोळ्याने टिपणं, मग तेच आयपीएने. आयपीए आतलं वंगणही धुऊन नेतं, त्यामुळे नंतर आवाज जरा कोरडा येतो. हे काम द्यायच्या आधीच सांगतो.

टायपिंग क्लासेसमधून येणाऱ्या कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर असतात. धुताना ते सुटतात, गोंद मागे राहून बटणाच्या कडेला चिकटतो, आणि मग चहाचा दोष गेला तरी बटण अडतंच. तो गोंद आयपीएने निघतो. स्टिकर नवेच लावावे लागतात, त्याचे पैसे वेगळे.

दर ठरवायची पद्धत साधी आहे. उघडून पाहण्याचे पैसे आधी सांगतो, काम दिलं तर ते मजुरीत वळते होतात. पाणी गेलेल्या बोर्डाची हमी देत नाही, नव्या लावलेल्या कीबोर्डची देतो. देण्याआधी प्रत्येक बटण मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर दाबून पाहतो, कारण राहिलेली साखर बहुतेक वेळा कोपऱ्यावर दाबल्यावरच पकडते. मग मशीन रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा तीच तपासणी. काढलेला जुना कीबोर्ड गिऱ्हाइकाला परत देतो. नको असेल तर त्याच्या टोप्या आणि क्लिपा सोडवून, मॉडेलची चिठ्ठी लावून डबीत जातात, पुढच्या एखाद्या तुटलेल्या बटणासाठी.