एमएफडी, म्हो आणि मायक्रॉन

आज लॅमिंग्टन रोडवर जुन्या रेडिओसाठी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा सुटा भाग) शोधत असताना दुकानदाराने जुन्या मालातला एक नग पुढे केला. त्यावर ‘एमएफडी’ अशी अक्षरे छापलेली होती आणि सोबतच्या तरुण अभियंत्याने ती सहजपणे मिलिफॅरड, म्हणजे फॅरड या धारकतेच्या एककाचा हजारावा भाग, अशी वाचली. वास्तविक तो मायक्रोफॅरड, म्हणजे फॅरडचा दशलक्षांश. ‘मायक्रो’चे चिन्ह असलेले ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर साध्या टंकलेखन यंत्रावर नसे, म्हणून त्याच्या जागी ‘एम’ वापरण्याची रीत पडली. त्या काळी पिकोफॅरडलाही, म्हणजे मायक्रोफॅरडच्या दशलक्षांशाला, ‘एमएमएफडी’ म्हणत. आजच्या नियमाने वाचणाऱ्याची मात्र हजारपटीने फसगत होते.

त्याच रेडिओच्या तबकडीवर वारंवारता किलोसायकल्समध्ये दिली आहे. 1960 साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वारंवारतेसाठी हर्ट्झ हे नाव एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत स्वीकारले, ते योग्यच झाले, कारण ‘सायकल्स प्रतिसेकंद’मधला ‘प्रतिसेकंद’ हा भाग बोलताना सर्रास गळत असे. 1971 मध्ये मात्र विद्युतरोधाच्या ‘ओम’ (ohm) या एककाची इंग्रजी अक्षरे उलटी करून बनवलेला, रोधाच्या व्यस्त असलेल्या वाहकतेचा ‘म्हो’ (mho) मागे पडून तेथे ‘सीमेन्स’ आले, याची मला अजूनही हळहळ वाटते. इतके खट्याळ आणि तरीही अर्थवाही एकक पुन्हा व्हायचे नाही.

मीटरच्या दशलक्षांशाचे मायक्रॉन हे नाव तर याच परिषदेने 1967-68 मध्ये रद्द करून मायक्रोमीटर कायम केले. तरीही प्लास्टिक पिशव्यांच्या जाडीचा सरकारी नियम आजही 120 मायक्रॉन असेच म्हणतो, आणि आमच्या दादरच्या भाजीवाल्यांनाही तो शब्द पाठ आहे.