तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत मुलांनी विजेवरच्या गाडीचं किट जोडण्यात कसलं आलंय इंजिनिअरिंग?

पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. मोटर तयार, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर तयार, बॅटऱ्या तयार. नववी-दहावीच्या मुलांनी चार वायरी जोडल्या की गाडी पळते, मग शिकली काय?

वायरी जोडण्यात काही नाहीच, मान्य. म्हणून पान्याच्या आधी कागद हातात येतो. चालकासकट वजन १६० किलो, वेग ताशी ३० किलोमीटर धरा. टायरच्या रोलिंग रेझिस्टन्सला, म्हणजे चाक फिरताना होणाऱ्या विरोधाला, साधारण १६ न्यूटन, हवेच्या विरोधाला २५. म्हणजे सपाटीवर चाकापाशी ३४० वॉट लागतात. त्याच वेगाने ५ टक्क्यांचा चढ घ्यायचा तर वर आणखी ६५० वॉट. ३५० वॉटची मोटर मागवायला निघालेला गट इथे थबकतो. किटच्या खोक्यावर हे छापलेलं नसतं.

पण खरा तास भरतो तो गाडी बंद पडल्यावर. नेहमीची तक्रार अशी: सपाटीवर झकास, चढावर गप्प, दोन मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मुलं एकमुखाने बॅटरीवर खापर फोडतात. बॅटऱ्या बदलल्या तरी तेच. मीटर लावावा तर उभ्या गाडीत ४९ व्होल्ट, आणि कंटिन्युइटीला, म्हणजे जोड अखंड आहे का हे बघणाऱ्या सेटिंगला, प्रत्येक जोड ‘बीप’ देतो. सगळं ठीक, फक्त गाडी चालत नाही!

आता दोन मीटर हँडलला बांधायचे, एक बॅटरीच्या टोकांवर, दुसरा कंट्रोलरच्या इनपुटवर, आणि चढावर न्यायची. ४० अँपिअर ओढताना पहिला ४४ दाखवतो, दुसरा ४२. कंट्रोलरचा कट-ऑफ ४२च्या आसपास, त्याखाली व्होल्टेज गेलं की तो मोटर बंद करतो. मधले २ व्होल्ट कुठे गेले? मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एकेक जोड तपासायचा, गाडीवर लोड असतानाच. एका लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, जवळजवळ सगळा ड्रॉप सापडतो: रोध ५० मिलिओहम, म्हणजे तिथे ८० वॉट उष्णता. एवढ्यात सोल्डरिंग आयर्न चालते. लगवरची प्लास्टिकची स्लीव्ह करपलेली असते, लग ओढला की वायर सुटून हातात. लग वायरवर दाबायच्या क्रिम्पिंग टूलऐवजी पक्कड वापरलेली, आणि लगच्या भोकात बसेना म्हणून वायरच्या तारा छाटलेल्या. बीप देणाऱ्या मीटरला हे कळत नाही, कारण त्याच्या प्रोबच्याच वायरींचा रोध याहून जास्त असतो. (हाच मीटर अँपिअरवर ठेवून मेन लाइनमध्ये घालणारा एकजण निघतोच. मीटरचा फ्यूज १० अँपिअरचा, इथे वाहतात ४०. करंटसाठी वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा डीसी क्लॅम्प मीटर घ्या. फक्त एसीचा असेल तो शून्य दाखवेल.)

“तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तर सांगितलं का नाही?” हाही प्रश्न येतो. अंदाज पहिल्याच मिनिटाला असतो, हो. पूर्वी माझं ठाम मत होतं की तोंड उघडायचंच नाही. आता तेवढं ठाम राहिलेलं नाही, कारण शोध दोघेजण घेतात आणि बाकीचे सहा फोनवर व्हिडिओ काढतात.

काही गोष्टी मात्र चुकून शिकू देत नाही. ४८ व्होल्टला कोरडा हात लागला तर सहसा काही जाणवत नाही, म्हणून मुलं निर्धास्त होतात; पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. म्हणून पान्याच्या दांड्याला टेप, अंगठी-कडं बाहेर, आणि डीसी रेटिंगचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून. यावर चर्चा नाही.

उरले ते सहाजण. कामं दर आठवड्याला बदलली तर कुणाचाच हात बसत नाही. नाही बदलली तर क्रिम्पिंग एकटीच मुलगी करते आणि बाकीचे तिला वायर धरून देतात. सध्या प्रत्येकाला एक तरी लग स्वतः क्रिम्प करून ओढून दाखवावा लागतो. पुरेसं आहे का? मला तरी वाटत नाही.