तुम्ही विचारलंत म्हणून: चर्च की घरमंडळी?

‘तुम्ही नक्की कुठे जाता? चर्चला की घरमंडळीत?’ घरमंडळी म्हणजे चर्चच्या इमारतीऐवजी कुणाच्या तरी घरी उपासनेला जमणारा ख्रिस्ती गट. चर्चवाले हे विचारतात तेव्हा आवाजात काळजी असते, ही बाई वाहवत तर चालली नाही ना. घरमंडळीवाले विचारतात तेव्हा थोडी कीव असते. माझं उत्तर दोघांनाही एकच: रविवारी सकाळी चर्चला, आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरातल्या प्रार्थनासभेला. या उत्तरानं कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी इतिहासाचं बघू, कारण वाद तिथूनच सुरू होतो: सुरुवातीचे ख्रिस्ती घरातच जमत, म्हणून घरच खरं, असं घरमंडळीवाले म्हणतात. पहिल्या शतकातल्या मंडळ्या, म्हणजे विश्वासणाऱ्यांचे समुदाय, घरात भरत, हे खरंच आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या शेवटी प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो, कलस्सैकरांस पत्रात नुंफाच्या घरातल्या मंडळीला. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटल्यावर जे दार ठोठावतो ते योहान मार्काच्या आईच्या घराचं, आणि आत लोक प्रार्थना करत असतात. पण बायबलातल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. तिथे विश्वासणारे रोज यरुशलेमच्या मंदिरात जमतात आणि घरोघरी भाकर मोडतात. दोन्ही एकाच वचनात आहे. अर्धं वचन पाठ करून भांडायची सवय मात्र आपल्याला लागली आहे.

दुसरी गोष्ट. ‘कॉन्स्टंटाइन आला, इमारती आल्या आणि सगळं बिघडलं’ असं, ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या त्या रोमन सम्राटाबद्दल, फार सहज बोललं जातं. ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली 313 साली. त्याआधी दहा वर्षं, 303 मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमेदियाचं चर्च तेव्हाच्या सम्राटाच्या हुकमानं जमीनदोस्त झालं होतं. म्हणजे पाडायला इमारत होती. त्याहून जुना पुरावा सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा युरोपोस इथे सापडला. तिसऱ्या शतकातलं साधं राहतं घर, पण ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठी खोली केली, दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधलं, भिंतींवर उत्तम मेंढपाळ रंगवला, पाण्यावरून चालणारा येशू रंगवला. पुढे 256 च्या सुमाराला शहर पडलं, घर भरावाखाली गाडलं गेलं आणि म्हणून टिकलं. मला त्या पाडलेल्या भिंतीचं फार अप्रूप आहे. जागा कमी पडली, भिंत काढली. घर हा त्यांचा सिद्धांत नव्हता, सोय होती.

आता माझा खरा मुद्दा. घराला मालक असतो.

ही साधी गोष्ट आपण विसरतो आणि मग घरमंडळीत भांडणं का होतात याचं नवल करतो. ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी घरातच जमत होती, आणि पौलाला तिथल्या प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याबद्दल, जितकं कडक लिहावं लागलं तितकं क्वचितच कशाबद्दल. काहीजण आधीच जेवून मोकळे, काही उपाशी. रोमन श्रीमंताच्या भोजनकक्षात तीन बाजूंना तीन पलंग आणि साधारण नऊ माणसांची सोय असे. बाकीचे बाहेर अंगणात. कोण आत बसणार हे कोण ठरवणार? ज्याचं घर, तो. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस बघा: पुढेपुढे करायची हौस, आलेल्या बंधूंना स्वीकारत नाही आणि जे स्वीकारतात त्यांनाच मंडळीबाहेर काढतो. तेव्हा मनोरा नव्हता, घंटा नव्हती, झगा नव्हता. हुकूमशाहीला इमारत लागत नाही.

एका घरी मी पाहिलं आहे ते सांगते. यजमान स्वतःच वचन, म्हणजे बायबलातल्या उताऱ्याचा अर्थ, सांगायचे, आणि सांगायचेही चांगलं. एकदा एका तरुणानं मध्येच विचारलं, ‘पण इथे तसा अर्थ निघत नाही ना?’ प्रश्न नम्र होता. यजमान हसले, पुढे गेले. पण खोलीतली हवा बदलली. त्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांना खोडून काढल्यासारखं झालं. तो मुलगा पुढे येईनासा झाला. आणि त्या घरच्या बाई, ज्यांच्यामुळे सभा व्हायची, त्या संदेशाच्या वेळी आतबाहेरच करत असायच्या. मंडळी त्यांच्या घरात होती, पण त्या स्वतः मंडळीत नव्हत्या.

याउलट चर्चचा बाक कुणाचाच नसतो. (काही घराण्यांना तो आपलाच वाटतो, ते सोडा.) आमच्या चर्चमध्ये एक गृहस्थ मागच्या बाकावर बसतात. पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, त्यांचं पटत नाही, बोलणंही नाही. तरी ते येतात, गाणी गातात, प्रभुभोजन घेतात, जातात. घरमंडळीत त्यांना एकतर समेट करावा लागला असता नाहीतर बाहेर पडावं लागलं असतं. चर्चनं त्यांना न पटण्याची जागा ठेवली आहे, आणि ही लहान गोष्ट नाही. तसंच नेमलेल्या शास्त्रपाठांचं, म्हणजे वर्षभरासाठी आधीच ठरवून दिलेल्या बायबलवाचनांचं. पाळकाला न आवडणारा उताराही वर्षात कधीतरी वाचावाच लागतो. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा पापांगीकाराची, म्हणजे पाप कबूल करण्याची, ठरलेली प्रार्थना तोंडात येते, आणि तेवढ्यावर रविवार निभावतो.

पण मागच्या बाकाला दुसरी बाजूही आहे. तिथे माणूस वर्षानुवर्षं लपू शकतो. घरातल्या सभेत एका माणसानं सांगितलं की नोकरी गेल्यापासून त्याला प्रार्थनाच करता येत नाही, डोळे मिटले की हिशेब दिसतात. लगेच कुणी वचन फेकलं नाही. एकानं विचारलं, ‘मुलांची फी भरली का?’ भरली नव्हती. ती भरली गेली. चर्चमध्ये याच माणसासाठी ‘बेकार व गरजू यांच्यासाठी’ अशी प्रार्थना झाली असती, त्यानं ‘आमेन’ म्हटलं असतं आणि तो घरी गेला असता.

गंमत अशी की अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या, घरगुती सभांसारख्या लहान गटांची सुरुवात इमारतीच्या कर्जातून झाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 1742 साली सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. सुमारे बारा जणांमागे एक माणूस नेमला, त्यानं दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. घरोघर फिरताना त्या लोकांना कळू लागलं की कुठे दारू आहे, कुठे भांडण आहे. वेस्लीनं ते हेरलं आणि पैसे जमवणाऱ्यांना लोकांची आत्मिक विचारपूस करायला लावली. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनंही 1526 मध्ये मनापासून ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांनी नावं नोंदवून एखाद्या घरात जमावं अशी कल्पना मांडली होती. मात्र त्यासाठी माझ्याकडे अजून माणसं नाहीत, असंही लिहून ठेवलं.

जिथे कायदाच आडवा येतो तिथे ही निवड उरत नाही. इंग्लंडमध्ये 1664 च्या कायद्यानं राजमान्य चर्चबाहेर, घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त जणांनी उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरवलं होतं. चीनमध्ये आजही नोंदणी नसलेल्या मंडळ्या घरांत, भाड्याच्या जागांत जमतात. त्यांच्यापुढे आपला हा वाद काढायलाही लाज वाटते.

तर कुठे जावं? नव्यानं विश्वासात आलेल्यांना मी दोन प्रश्न देते. पुढारी चुकला तर दाद कुणाकडे मागायची, आणि दानार्पणाचा हिशोब कोण तपासतं? चर्चकडे याची उत्तरं निदान कागदावर असतात. तिसरा प्रश्न चर्चसाठी राखून ठेवते: तीन रविवार आला नाहीत तर फोन कुणाचा येईल? मी हे प्रश्न एका घरमंडळीच्या पुढाऱ्यांना विचारले होते. ते म्हणाले, ‘ताई, आपण एक कुटुंब आहोत, कुटुंबात कसला हिशोब?’ तिथे मी पुन्हा गेले नाही. ज्या सभेला आता जाते, तिथे हिशोबाची वही दर महिन्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असते, आणि ती सभाही दरवेळी वेगळ्या घरी भरते.