आकाशकंदिलाचा सांगाडा का पिळतो: माझा अनुभव

गोव्यात फोंड्याला दिवाळीआधी मुलांबरोबर आकाशकंदील करायचा तर कापणं, चिकटवणं सगळं सुरळीत होतं. अडतं ते सांगाड्यापाशी. तो उभाच राहत नाही, आणि येणारा-जाणारा प्रत्येक मोठा माणूस सांगतो, "गाठी घट्ट बांधा!" गाठींचा इथे काडीचाही संबंध नाही. सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहितो.

आकार सहा चौकोन, आठ त्रिकोणांचा. 12 कोपरे, 24 काड्या. नमुना खराट्याच्या हिरांचा करावा, प्रत्येकी 10 सेंमी. हीर टोकाला निमुळता होतो आणि सांध्यातून निसटतो, तेव्हा जाड बुडखाच घ्या. सांध्याला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी: 2 सेंमीचे दोन तुकडे, एकाला मध्ये भोक पाडून दुसरा आरपार ओढला की चार तोंडं मिळतात.

आता वरून दाबा. सांगाडा मोडत नाही, पिळतो. त्रिकोण जसेच्या तसे फिरतात, चौकोन मिटत जातात आणि शेवटी अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा आकार, उरतो, प्रत्येक कडेवर दोन-दोन हीर. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोन ठरतात. चौकोनाचं तसं नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1864 मध्ये मांडलेला हिशेब असा: ताठ सांगाड्याला कोपऱ्यांची तिप्पट वजा 6 इतक्या काड्या तरी हव्यात. 36 वजा 6 म्हणजे 30. आपल्याकडे 24. सहा कमी, आणि चौकोनही सहाच! हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच मोजू दे.

प्रत्येक चौकोनात 14.1 सेंमीचा कर्ण घातला तर मूळ आकार ताठ होतो. त्याऐवजी सांगाडा अर्धवट पिळून, प्रत्येक चौकोनाच्या आखूड होत जाणाऱ्या कर्णावर 10 सेंमीचाच हीर बसवला तर वीस समभुज त्रिकोणांचा जवळजवळ गोल घन तयार होतो. मला हा जास्त आवडतो. प्रत्येक कोपऱ्याला एकच जादा हीर यायला हवा. कुठे दोन आले तर एखाद्या चौकोनात कर्ण चुकीच्या दिशेने गेलाय. नळीला पाचवं तोंड नसतं, हा हीर दोऱ्याने बांधावा.

खऱ्या कंदिलाला 20 सेंमीच्या कामट्या. तिथे काडीचा कर्ण नको, दिवा लागल्यावर सावली पडते. प्रत्येक चौकोनात तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) फुलीसारखी ताणा, दोन्ही कर्ण 28.3 सेंमी. माप हिशेबानेच घ्या, वाकड्या सांगाड्यावरून नको. चौकोन कुठेही कलला तरी दोनांपैकी एक तंगूस ताणली जाते आणि त्याला अडवते.

"कागद लावला की आपोआप ताठ होईल" असंही ऐकवतात. पतंगी कागद ऑक्टोबरच्या दमट हवेत सैल पडतो. तंगूस आधी, खळ आणि कागद नंतर. खालचा चौकोन बल्बसाठी उघडा ठेवा, पण त्यातली फुली काढू नका. बल्ब फुलीच्या बाजूने आत जातो. आणि हे सगळं नरकासुराचा पुतळा करायचं काम सुरू होण्याआधी उरका, नंतर एकही मूल हाती लागत नाही.