सात गुंठे आणि नदीत गेलेला सातबारा

2024 च्या जानेवारीत मी मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, उतरलो तेव्हा बाहेर उणे 31 होतं, आणि त्याच्या तीनच आठवडे आधी मी बांगलादेशात, ढाक्याशेजारच्या गाझीपूरमधे होतो, जिथे जरा धुकं पडलं तरी लाईनवरच्या बायका डोक्यावरून शाल गुंडाळून कामावर यायच्या. काम तेच, टेक्स्टाईल क्वालिटीचं. मी मूळचा इचलकरंजीचा, घरात माग, त्यामुळे सूत हातात घेतल्याशिवाय मला देश कळत नाही असं माझी बायको म्हणते आणि ते खरंच आहे. गाझीपूरला चार वर्षं निटेड टी-शर्ट बघितले, मग दोन हिवाळे मंगोलियात कॅशमियर, म्हणजे आपण ज्याला पश्मिना म्हणतो त्या बकरीच्या लोकरीचं काम.

गावी आलो की सगळे एकच विचारतात, दोन्हीतला जास्त गरीब कुठला? बातम्यांमधे दोन्ही देशांना विकसनशील म्हणतात, एकाच खणात टाकतात, म्हणून लोकांना वाटतं की थोडाफार फरक असेल, उन्नीस-बीस. म्हणून आज जरा नीट लिहायला बसलोय.

आधी नुसता आकार बघा. बांगलादेश आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, साधारण 1 लाख 48 हजार चौरस किलोमीटर, आणि त्यात 17 कोटी माणसं. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट, 15 लाख 64 हजार चौरस किलोमीटर, आणि माणसं किती तर 35 लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून याच्यापेक्षा जास्त लोक राहतात. एका चौरस किलोमीटरमधे बांगलादेशात अकराशेच्या वर माणसं, मंगोलियात दोन. गाझीपूरहून सिराजगंजला बसने जाताना मी खिडकीतून बघत बसायचो की माणूस दिसत नाही असा एक तरी मिनिट जातो का, नाही जायचा, भाताच्या खाचरात, बांधावर, पुलाखाली, कुणीतरी असतंच. आणि मंगोलियात दुंदगोवी प्रांताच्या वाटेवर आम्ही दोन तास गाडी चालवली आणि एक उंट भेटला.

सिराजगंजला जायचं कारण म्हणजे आमच्या फ्लोअरवरची एक शिलाई ऑपरेटर, सगळे तिला आपा म्हणायचे, मीही आपाच म्हणायचो. ईदच्या सुट्टीत तिने घरी बोलावलं होतं. घर म्हणजे बांधावर पत्र्याची खोली, आणि समोर जमुना, म्हणजे आपली ब्रह्मपुत्राच, तिकडे गेल्यावर नाव बदलतं. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आपाने हात लांब करून पाण्यात एक जागा दाखवली आणि म्हणाली तिथे आमचं घर होतं, तिथे आंब्याचं झाड, तिथे शाळा. मला आधी कळलंच नाही, कारण ती पाण्याकडेच बोट दाखवत होती. नदीभांगन म्हणतात त्याला. पूर येऊन ओसरणं वेगळं, यात नदी काठच्या काठ गिळत जाते, वाळू आणि गाळाची जमीन, ढेकूळ पाण्यात टाकल्यासारखी विरघळते. पूर ओसरला की घर परत मिळतं पण इथे जमीनच राहत नाही.

मग तिने एक प्लास्टिकची पिशवी उघडली. आत त्या जमिनीचा दलिल, म्हणजे आपला खरेदीखत-सातबारा समजा, घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेला. नदीत गेलेल्या जमिनीचा कागद कशाला जपायचा असं मी विचारलं तर तिचे सासरे म्हणाले, चर वर येतो ना. नदी एकीकडे खाते आणि दुसरीकडे टाकते, आपल्याकडे मळई म्हणतात तशी जमीन वर येते, तोच चर, आणि तिथे कायदाच आहे की 30 वर्षांच्या आत तुझी जमीन पुन्हा वर आली तर तुझा हक्क शाबूत. शिकस्ती आणि पयस्ती असे शब्दच आहेत, गेलेली जमीन आणि आलेली जमीन. प्रत्यक्षात वर आलेल्या चरावर आधी कुणाच्या लाठ्या पोचतात हा वेगळा विषय आणि त्यात माणसं मरतात. पण कागद जपायचा. आपाचं कुटुंब गेल्या वीस वर्षांत चारदा हललं आणि पाचव्यांदा ती गाझीपूरला मशीनवर येऊन बसली.

आता मंगोलिया. तिथे जमीन कुठे जात नाही. कुरणं कुणाच्या नावावर होऊच शकत नाहीत, संविधानातच आहे तसं, त्यामुळे बांध नाही, कुंपण नाही, शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडण नाही (आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे पचायला फार वेळ लागतो). मालमत्ता म्हणजे जनावर. घोडा, गाय, उंट, मेंढी, बकरी, 2023 च्या शेवटी मिळून साडेसहा कोटीच्या आसपास, माणशी अठरा-एकोणीस. आणि ती जाते झुदमधे. झुद म्हणजे असा हिवाळा की जनावर चाऱ्यापर्यंत पोचतच नाही. कधी बर्फाचा थर फार जाड असतो, आणि कधी, हा जास्त वाईट, मधेच थोडं ऊन पडून बर्फ वितळतो आणि रात्री त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो, खुराने फुटत नाही, खाली गवत दिसतंय आणि जनावर उभ्या उभ्या उपाशी. मी गेलो त्याच हिवाळ्यात, 2023-24 ला, 70 लाखाच्या वर जनावरं मेली, दहातलं एक.

आमचा ड्रायव्हर मूळचा दुंदगोवीचा. 2009-10 च्या झुदमधे त्याच्या तीनशेतली चाळीस राहिली. चाळीस जनावरांवर संसार चालत नाही, म्हणून त्याने गेर, म्हणजे तो गोल नमद्याचा तंबू, उचलला, ट्रकवर टाकला आणि उलानबातरच्या टेकडीवर आणून लावला.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. एकाला पाण्याने हाकललं, एकाला बर्फाने, आणि दोघं पोचले राजधानीतच. ढाक्यात कोटींनी माणसं आहेत आणि रोज येतायत, उलानबातरमधे अख्ख्या देशाची जवळजवळ निम्मी माणसं राहतात. पण पोचल्यावर काय मिळतं ते बघा. मंगोलियाच्या कायद्याने राजधानीत नागरिकाला 700 चौरस मीटरपर्यंत जागा फुकट मिळते. सात गुंठे! ड्रायव्हरने फळ्यांचं कुंपण घालून घेतलं, त्याला हशा म्हणतात, आत गेर, कोपऱ्यात संडासचा खड्डा. आणि ढाक्याच्या कोराईल बस्तीत आपाची बहीण आठ बाय दहाच्या खोलीत पाच जणांत राहते, बारा खोल्यांत एक चूल. तरी एक सांगतो, त्या खोलीत लाईट होती आणि दारातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत काम होतं. सात गुंठेवाल्याच्या घरी नळ नाही, त्याची मुलगी कॅन ढकलगाडीवर घालून पाण्याच्या टपरीवरून पाणी आणते, उणे तीसमधे, आणि रात्रभर शेगडीत कोळसा जळतो. त्या धुराने जानेवारीत समोरची टेकडी दिसेनाशी होते. 2019 ला कच्च्या कोळशावर बंदी आली आणि ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या विटा, द्यायला लागले, फरक पडलाय म्हणतात, माझा घसा मात्र दोन्ही हिवाळे धरलेलाच होता. म्हणजे जागा मिळाली तरी शहर मिळेलच असं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. माणशी उत्पन्न बघितलं तर मंगोलिया बांगलादेशच्या दुपटीच्या वर आहे. पण ते उत्पन्न येतं जमिनीखालून, तांबं आणि कोळसा, गोबीतल्या ओयू तोल्गोई आणि तावान तोल्गोई या खाणी, आणि माल जवळजवळ सगळा एकाच गिऱ्हाइकाला, चीनला. उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन, समुद्र नाहीच. 2011 मधे अर्थव्यवस्था एका वर्षात 17 टक्के वाढली आणि 2017 ला नाणेनिधीकडे जावं लागलं, इतका चढउतार. बांगलादेशात जमिनीखालून थोडा गॅस सोडला तर फारसं काही नाही, कापूससुद्धा जवळजवळ सगळा बाहेरून येतो, आपल्याकडचं सूतही जातं तिकडे, आणि तरी तो कपडे निर्यातीत चीनच्या खालोखाल. चाळीस लाख माणसांचे हात, बस. निर्यातीतले 80 टक्क्यांहून जास्त पैसे त्या हातांचे. 1979 ला ‘देश गार्मेंट्स’ नावाच्या तिथल्या कंपनीने 130 माणसं शिकायला दक्षिण कोरियाला पाठवली होती, तिथून हे सगळं सुरू झालं.

पण हातांची किंमत काय लावली हे बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळच्या साभारमधली राणा प्लाझा ही इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. मी 2019 ला पोचलो तेव्हा आमच्या फ्लोअरवर रुंद जिने, फायर डोअर, दर महिन्याला ड्रिल असं सगळं होतं, आणि आपा दरवेळी जिन्यात भिंतीला हात लावत उतरायची. मी विचारलं नाही कधी. डिसेंबर 2023 पासून किमान पगार 12,500 टका झाला, मागणी त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, रस्त्यावर माणसं मेली त्यासाठी. दुकानात टी-शर्ट 399 ला दिसला की मला त्रास होतो, खोटं नाही सांगत.

बायकांच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांनी मला चकित केलं. बांगलादेशात आपाच्या आईला सात मुलं, आपाला दोन, आणि पगार तिच्या स्वतःच्या मोबाईलवर येतो. मंगोलियात उलटीच गंमत, तिथे मुलगा कळपामागे ठेवतात आणि मुलगी शिकायला पाठवतात, त्यामुळे आमच्या लॅबमधे सहाच्या सहा मुली, आणि माल उतरवायला पुरुष. त्या लॅबमधली मुलगी चिमूटभर लोकर काळ्या मखमलीवर ठेवून बघायची, माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास आणि ही 16 ची, नुसत्या बोटांनी सांगायची कुठल्या भागातली बकरी ते. याच बकरीने आता कुरण धोक्यात आणलंय. 1990 नंतर सामुदायिक कळप मोडून लोकांच्या मालकीचे झाले, रोख पैसा लोकरीत, म्हणून बकऱ्या वाढल्या, पूर्वी पाच जनावरांत एक होती आता पाचात दोन, आणि बकरी गवत मुळासकट ओरबाडते. म्हणजे पुढच्या झुदला चारा आणखी कमी. मी ज्या धंद्यात पगार घेतो त्याचंच हे, म्हणून जास्त लागतं.

सणवार-भाषा वगैरेवर वेगळं लिहीन, पण दोन गोष्टी राहवत नाहीत. बांगलादेशात 21 फेब्रुवारीला पहाटे अनवाणी फुलं घेऊन जाणारी गर्दी बघितली, 1952 ला भाषेसाठी गेलेल्या पोरांसाठी, तेव्हा अंगावर काटा आला. आणि मंगोलियात, आमच्या घरच्यासारखं, उंबरठ्यावर पाय दिला की म्हातारी ओरडते. तिथल्या ग्रहांची नावं ऐका, बुद, सुगर, सांचिर, बरहसबाद, आणि मंगळाला अंगरग. संस्कृत नावं बौद्ध धर्माबरोबर चालत चालत गोबी ओलांडून गेलीत. अंगारकीचा उपास करणाऱ्या माझ्या आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा म्हणून बघितलं.

एप्रिलमधे ड्रायव्हर मला भावाच्या कळपावर घेऊन गेला, लोकर विंचरायला. बकरीचे पाय बांधतात, शिंग धरतात आणि वाकड्या दातांच्या फणीने मानेपासून ओढत जातात, एका बकरीची अडीचशे-तीनशे ग्रॅम. खारट दुधाचा चहा झाला. ड्रायव्हरने शहरातल्या गेरमधे लटकवून ठेवलेलं खोगीर बरोबर आणलं होतं, ते घोड्यावर कसलं आणि दोन तास दिसेनासा झाला. तेवढ्यात रेंज मिळाली म्हणून मी टेकाडावर चढून आपाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल चारही बाजूंना फिरवून दाखवला. क्षितिजापर्यंत पिवळं गवत, एक झाड नाही, एक घर नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, दादा, एवढी जागा! कुणाची?

कुणाचीच नाही, सगळ्यांची, मी म्हणालो.

नदी आहे?

आहे, लांब खाली.

नोदी भांगे ना? काठ खात नाही?

मी म्हणालो, नाही आपा, अजून गोठलेली आहे.