बारा पाऊण नऊ

नेरूळला राहून एकोणीस वर्षं झाली, पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) म्हणजे पाम बीच रोडवरून दिसणारी गुलाबी रेघ, एवढीच माझी ओळख. या जानेवारीत म्हटलं, आता नीट शिकायचंच. सुरुवात अर्थातच खरेदीपासून! आकडा मोठा तितकी दुर्बीण भारी, अशा समजुतीने १२ बाय ५० ची (बारापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) पसंत करून ठेवली होती. आमच्या ऑफिसातले एक सर कित्येक वर्षं पक्षी बघताहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हात पुढे करा." केला. "थरथरतोय ना? ते थरथरणंही बारापट होणार. ८ बाय ४२ घ्या." निमूट तीच घेतली.

पहिल्या रविवारी सकाळी आठला सारसोळे जेट्टीवर हजर. समोर नुसता चिखल आणि पार लांब ठिपके. आठपट केलं तरी ठिपका तो ठिपकाच. शेजारी एक कोळी काका जाळं तुणत बसले होते. माझी धडपड बघून म्हणाले, "आगो, आधी पानी बघ, मग पाखरा बघ. आज तिथ कंची?"

मी मोबाईल काढला, तर त्यांनी कपाळाला हात लावला. पंचमी होती.

"पाच पाऊण पावणेचार. पानी पहाटंच भरून गेला. आता काय दिसनार?"

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा! माझे वडील म्हणायचे; मला विसाच्या पुढचे पाढेही धड येत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत पाणी आत चढायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून वर अर्धा तास धरायचा. ओहोटीला पक्षी खाण्यासाठी चिखलभर पांगतात. पाणी चढू लागलं की चिखल बुडत जातो आणि ते काठाकडे सरकतात. काकांनी पुढच्या रविवारचा हिशोबही करून दिला, "बारस. बारा पाऊण नऊ."

सरांना हे सांगितलं तर त्यांनी डायरीत लिहून घेतलं. ते इतकी वर्षं भरतीचा छापील तक्ता बघत होते. त्यांनी मला वेगळंच सुचवलं: आपला काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सकाळी जा, ऊन पाठीशी राहील. आणि तो पिवळा ओढणीवाला ड्रेस नको.

बारशीला साडेसातलाच जाऊन उभी राहिले. पाणी चढताना दिसत नाही. मघाचा दगड आता नाही, एवढंच कळतं. साडेआठला थवा इतका जवळ आला, की मान उलटी करून, चोच पालथी धरून पाणी गाळताना स्पष्ट दिसले. बहुतेकांच्या चोची काळपट लाल, म्हणजे लहान रोहित. मध्येच दोन उंच, पांढुरके. चोच गुलाबी, फक्त टोक काळं. मोठे रोहित! मी एकटीच ओरडले आणि कडेचे शेकाट्ये लाल पाय लोंबकळवत उडून गेले.

काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "पाखरांना हाका नाय मारायच्या."

पुढची बारस मंगळवारी येते. हाफ डे टाकलाय, कारण दिलंय दाताचं.